सासूबाईंच्या हाकेवर आलेली नोटीस

माझ्या सासूबाईंवर चोरीचा आळ आला तो एका यंत्राकडून, आणि तोही इंग्रजीतून. हे मला कळलं तेव्हा मी पाण्याच्या टाकीजवळच्या खडकावर बसले होते, कारण आमच्या वाडीत मोबाईलला धड रेंज तिथेच येते. मी ते पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि अशी हसत सुटले की पाणी भरायला आलेल्या बायका हंडे खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागल्या.

मुळापासून सांगते. आमची वाडी हिर्डोशीच्याही वर, डोंगराच्या कुशीत. मी सॉफ्टवेअरचं काम घरूनच करते, नवरा दुधाचा टेम्पो भोरला नेतो, आणि सासूबाई गुरं बघतात. इकडच्या रीतीनं मी त्यांना आत्या म्हणते. गाई दिवसभर डोंगरावर मोकळ्या चरायच्या आणि उन्हं कलली की आत्या वरच्या कड्याशी जाऊन हाक मारायच्या, "हौऽऽऽ, या गं बायांनोऽऽ, या या याऽऽ." त्यातला शेवटचा 'या' त्या असा काही वळवायच्या की समोरच्या डोंगरालाही उत्तर द्यावंसं वाटायचं. दुसरं कुणी कितीही घसा ताणला तरी आमच्या गाई ढुंकून बघत नसत.

मग आत्यांचे गुडघे धरले. चढण बंद झाली. तेव्हा मी त्यांची हाक फोनवर टिपून घेतली, कड्याशी एक छोटा कर्णा बसवला, त्याला सोलर पॅनेल जोडलं आणि असा एक प्रोग्राम लिहिला की अंगणात बसून फोनवर बोट टेकवलं की वर हाक घुमावी. गाई फसल्या. आत्या तर इतक्या खूश झाल्या की गाई येऊन बांधल्यावरही त्या दोनदा बोट टेकवायच्या.

तो प्रोग्राम आणि ती हाक मी इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. ओपन सोर्स म्हणतात ते हेच: ज्याला हवं त्यानं न्यावं, हवं तसं बदलावं, फक्त कुठून आणलं ते लिहावं. बघता बघता लोकांनी आपापल्या हाका त्यात आणून ठेवल्या. तिकडे वेल्ह्यात, मार्गासनीच्या पुढे राहणाऱ्या एका धनगर मामांनी शेळ्यांची हाक पाठवली. कुठल्याशा बर्फाच्या मुलखातल्या बाईनं पाठवलेली हाक म्हणजे उचकी लागल्यावर गाणं म्हणावं तशी होती. आत्यांनी ती कान देऊन ऐकली आणि म्हणाल्या, "हिच्या गाई लई लांब जात आसत्याल."

आणि आता हे पत्र. एका गाण्याच्या कंपनीच्या यंत्रानं जगभरातले आवाज चाळले होते आणि त्याला 'सद्भावपूर्वक' वाटलं होतं की आमच्या हाकांच्या साठ्यात त्यांच्या गाण्याचा चोरलेला तुकडा आहे. यंत्राचा सद्भाव! आमचा साठा ज्या संकेतस्थळावर होता त्यांनी एका अक्षरानं न विचारता सगळाच झाकून टाकला. आत्यांची हाक गेली, धनगर मामांच्या शेळ्या गेल्या, बर्फातली बाई गेली.

ते गाणं कोणतं म्हणून मी लावून बघितलं. लग्नाच्या वरातीत वाजवतात तसलं ढणढण गाणं. पण सुरुवातीलाच, ढोल पडायच्या आधी, आमच्या आत्या! "हौऽऽऽ, या गं बायांनोऽऽ." आणि त्यांच्यामागून, बरोबर तालावर, माझी शिंक. टिपताना मला शिंक आली होती ती मी काढली नव्हती, आणि गाणं करणाऱ्यालाही ती आवडली असावी, कारण पुढे ती चार वेळा येते. म्हणजे हाक त्यांनीच आमच्याकडून उचलली होती. त्यालाही माझी ना नव्हती, मोकळंच होतं ते. पण उचलायची आणि वर आम्हालाच चोर ठरवायचं, याला चोराच्या उलट्या बोंबा नाही तर काय म्हणायचं?

मी हसत हसत घरी आले आणि आत्यांना सगळं सांगितलं. तिथंच माती खाल्ली. आत्या हसल्या नाहीत.

"म्हंजी म्या चोरली म्हनत्यात?"

"अहो आत्या, माणसानं नाही, यंत्रानं म्हटलंय."

"मानसानं म्हनलं आसतं तर दारात जाऊन इचारलं आसतं. यंत्राला कुठं गाठू?" त्यांनी माझा फोन बाजूला सारला. "कुनाच्या बांधावरचं गवत म्या उपाटलं न्हाई आजवर. त्यांची म्हनत्यात तर ऱ्हाऊ दे त्यांच्यापाशी. त्यांनी शब्द मागं घेईस्तवर म्या त्या हाकंला त्वांड लावायची न्हाई. आन त्यो कर्णा बी बंद कर."

आत्या एकदा रुसल्या की रुसल्या. आणि रुसायला त्यांनी वेळ बघा कुठली निवडली. तांबडी गाय पहिलटकरीण होती, दिवस भरत आलेली, आणि खालच्या रानात बिबट्यानं एक वासरू नेल्याची बातमी ताजी होती. तांबडीला गोठ्यात बांधून ठेवावं तर ती दावं तोडायची. डोंगरावर सोडावं तर हाकेशिवाय परत यायची नाही. मग रोज संध्याकाळी मी आणि नवरा डोंगर चढायला लागलो. मी हाक मारली की तांबडी रवंथ थांबवून माझ्याकडे बघायची, बिचारीला काय होतंय अशा नजरेनं. नवऱ्यानं मारली की सगळ्या उठून उलट्या दिशेनं निघायच्या. अंधार पडायच्या आत आम्ही त्यांना ढकलत, चुचकारत, शिव्या देत खाली आणायचो, आणि दारात उभ्या आत्या एकच विचारायच्या, "आली का गं तांबडी?" तांबडी डोळ्यांनी दिसेपर्यंत त्या उंबऱ्यावरून हलायच्या नाहीत. तेव्हा मात्र मला त्या यंत्राचा असा राग यायचा की हातात सापडलं असतं तर विहिरीत ढकललं असतं.

त्या नोटिशीला उत्तर देता येत होतं. पण उत्तरात माझं खरं नाव, पत्ता लिहायचा, तो कंपनीकडे जाणार. त्यांनी खटला घातला तर सातासमुद्रापलीकडचं कोर्ट मान्य करायचं. आणि साठा चुकून काढला गेला असं शपथेवर सांगायचं, खोटं ठरलं तर शिक्षा. नवरा म्हणाला, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये." मी इतर वेळी त्याचं ऐकत नाही, पण तेव्हा ऐकलं. असं भिऊनच कितीतरी जण आपलं मोकळं काम गुंडाळून ठेवत असतील.

मग शेजारच्या मुलीची हळद आली. देवळापुढच्या पटांगणात मांडव, आंब्या-जांभळीचे डहाळे, आणि भोरहून आलेला डीजेचा टेम्पो, त्यावर माणसापेक्षा उंच खोकी. उन्हं कलत होती. आत्या बायकांमध्ये बसून नवरीला हळद लावत होत्या. मी उठून गाई आणायला निघणार, तेवढ्यात डीजेवाल्यानं ते गाणं लावलं.

"हौऽऽऽ, या गं बायांनोऽऽ!"

सगळी वाडी वळून आत्यांकडे बघायला लागली. आत्यांचा हळदीचा हात नवरीच्या गालावर तसाच राहिला. माझी शिंक वाजली. आणि मग डोंगरावरून घंटा ऐकू आल्या.

गाई आल्या. पळत आल्या. कितीतरी दिवसांनी हाक ऐकलेल्या त्या बाया कुंपण, पायवाट काही न बघता थेट मांडवात घुसल्या. खुर्च्या आडव्या झाल्या, करवल्या किंचाळत देवळात पळाल्या, एका गाईनं मांडवाचे डहाळे ओढून खायला सुरुवात केली, दुसरीनं हळदीच्या ताटात पाय दिला. डीजेवाला टेम्पोच्या टपावर चढला आणि गाणं बंद करायचं राहून गेलं. पोटाचा भार सांभाळत शेवटी आलेली तांबडी सगळ्यांना ढुसण्या देत त्या खोक्यापुढे जाऊन उभी राहिली. खोकं म्हणत होतं, या या या. तिनं ते हुंगलं. चाटलं. पुन्हा हुंगलं आणि चुकलेल्या वासरासारखी हंबरली. आवाज होता आणि माणूस नव्हतं.

आत्या उठल्या. गुडघे विसरून उठल्या.

"बंद कर रं त्ये!" त्या डीजेवाल्यावर ओरडल्या. नवऱ्यानं धावत जाऊन वायर उपटली. मग पिवळे हात तोंडापाशी धरून आत्यांनी हाक मारली. गळा आधी जरा घोगरा आला, मग खुलला. गाईंनी माना वळवल्या. जिच्या तोंडात डहाळा होता तिनं तो टाकला. तांबडी वळली आणि सरळ येऊन आत्यांच्या खांद्यावर मान टाकून उभी राहिली. आत्या तिच्या कपाळाला हळद फासत रडत होत्या आणि हसत होत्या, मीही तेच करत होते, आणि नवरीचे वडील मोडलेल्या मांडवात उभे राहून म्हणाले, "आता ह्याच्याफुडं आमच्या हळदीत काय ऱ्हायलं?" पण तेही हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या म्हणाल्या, "लिही तुझं उत्तर." शपथेचं त्यांना मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी देव्हाऱ्यातला भंडारा काढला, परसातल्या बेलाचं पान आणलं. आमच्याकडे खरी शपथ म्हणजे बेलभंडार उचलायचा. नुसत्या सहीला आत्या विचारत नाहीत. "सही तुजी, मंग भंडार बी तूच उचल. वाच काय लिवलंस त्ये."

मी वाचलं: ही हाक माझ्या सासूबाईंची स्वतःची आहे.

"थांब. त्ये खोड."

मी ओळ खोडली. आत्या म्हणाल्या, "माझी कुठं हाय ती? म्या हितं नवी आले तवा गाई माझ्याकडं बगत बी नव्हत्या. माझ्या सासूनं मला कड्यावर न्हेऊन शिकवली. तिला तिच्या सासूनं. खोटा भंडार उचलायचा न्हाई."

"मग काय लिहू आत्या? कुणाची म्हणू?"

त्यांनी भंडारा माझ्यापुढे सरकवला. "लिही, आमी घेतली न्हाई. आमाला दिलीया."

मी तसंच लिहिलं. कंपनीनं ती आमच्याकडूनच नेली असल्याचा पुरावा म्हणून माझी शिंकही जोडली. मग बेलभंडार उचलला आणि खडकावर जाऊन उत्तर पाठवून दिलं. कंपनीकडून ना माणूस बोललं ना यंत्र. खटला घालायला त्यांना जी मुदत होती तिच्यात कुणी कोर्टात गेलं नाही, आणि एके दिवशी सगळा साठा गुपचूप परत उघडला. मी धनगर मामांना फोन केला तर त्यांनी फोन शेळ्यांपुढे धरला. बराच वेळ मी शेळ्यांशीच बोलत होते.

तांबडी त्याआधी दोनच दिवस व्यायली होती. कालवड, आईसारखीच तांबडी. साठा उघडल्याचं सांगायला मी गोठ्यात गेले तर आत्या म्हणाल्या, "बरं झालं. आता हितं उबी ऱ्हा आन हाक मार."

"माझ्या हाकेला कोण येणार?"

"म्या दिती, तू घे. शेवटचा 'या' पोटातनं काढ."

मी पोटातून काढला. तांबडीनं नेहमीसारखी तोंड फिरवून वैरण ओढली. पण तिच्या मागून ती कालवड उठली, चारही पाय चार दिशांना टाकत, धडपडत आली आणि माझ्या ओढणीचं टोक तोंडात धरून चोखायला लागली.