चादरीआडच्या मेश्रामताई

मेश्रामताईंची आणि माझी पहिली भेट झाली ती एका सोलापुरी चादरीमार्फत. हायडेलबर्गच्या इतिहास संस्थेत मी नुकताच रुजू झालो होतो. बैठकीच्या खोलीत हीटरशेजारच्या कोपऱ्यात दोरीवर ही चादर टांगलेली, खाली लोकरीच्या दोन सपाता दिसत होत्या, आणि आमचे जर्मन प्रोफेसर अदबीनं त्या चादरीला विचारत होते, "फ्राऊ डॉक्टर, आपलं मत?" चादर खाकरली. प्रोफेसरांचा जीव भांड्यात पडला. खाकरणं म्हणजे होकार आणि गप्प राहणं म्हणजे नकार, हे मला नंतर कळलं.

ताई नागपूरच्या. एका बादशहाच्या बेगमेवर त्यांचं संशोधन चाललं होतं. ही बेगम जनानखान्यात जाळीआड बसून अर्धं राज्य हाकायची. ताई तिला 'आमच्या बाई' म्हणत, जणू बाई नागपुरात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहत होत्या. सुरुवातीला ताईही सगळ्यांबरोबर टेबलाशीच बसत. पण त्यांनी वाक्य सुरू केलं, की प्रोफेसर "या, या, गेनाऊ", म्हणजे 'हो, हो, अगदी बरोबर', म्हणत ते स्वतःच पूर्ण करत, आणि तेही चुकीचं. मग एका हिवाळ्यात ताईंनी जाहीर केलं, की खिडकीतून वारा लागतो. जर्मन माणूस एकवेळ देवाला भिणार नाही, पण फटीतल्या वाऱ्याला भितो. चादरीसाठी खिळा खुद्द प्रोफेसरांनी ठोकला. त्या दिवसापासून ताईंचं वाक्य कुणी तोडलं नाही.

"तोंड दिसलं की लोक तोंडच पाहत बसतात," ताई म्हणायच्या. "ऐकतात कुठं? आमच्या बाईंना हे तेव्हाच समजलं होतं, बाप्पा."

चादरीआड त्या काय करतात हे फक्त मला माहीत होतं, कारण चहा मी नेऊन देत असे. त्या लसूण सोलत असत. आशियाई संस्कृतीचा गंध म्हणून संस्थेत त्याचा फार आदर होता.

पुढल्या वर्षी पाळी माझ्यावर आली. माझी नेमणूक संपत होती, ती वाढवायची की नाही हे बैठकीत ठरणार होतं, आणि मोडी कागदांवरचं माझं काम प्रोफेसरांना बिनमहत्त्वाचं वाटत होतं. नेमणूक गेली की व्हिसा जाणार, आणि घरी बायको, तनुजा, सातव्या महिन्यात. मी ताईंना सगळं सांगितलं.

"काहून घाबरतो रे? मी आहे ना," त्या म्हणाल्या. आणि दोनच दिवसांनी म्हणाल्या, की भावाची तब्येत बिघडली आहे, बैठकीच्याच दिवशी विमान आहे.

"कुणाला सांगू नको. निरोप घेतला की माणूस गेला हे लोकांना कळते. आमच्या बाई आजारी पडल्या, तेव्हा जाळीखाली नुसती त्यांची मोजडी ठेवून महिनाभर दरबार चालला."

"हे कुठल्या बखरीत आहे, ताई?"

"कुठंच नाही. लिहून ठेवलं असतं तर चाललं असतं का? चहा तेवढा गरम ठेव."

सकाळी त्यांना फ्रँकफुर्टच्या बसमध्ये बसवलं. मग संस्थेत येऊन चादरीखाली सपाता मांडल्या, मागे स्टुलावर चहा ठेवला आणि माझ्या जागी बसलो.

"ही नेमणूक वाढवता येणार नाही," प्रोफेसर म्हणाले आणि त्यांनी चादरीकडे पाहिलं. चादर गप्प. दोरीच्या वर चहाची वाफ तरंगत होती. "आल्झो, म्हणजे... सहा महिने?" चादर गप्प. "एक वर्ष?" कुणी खुर्चीतसुद्धा हललं नाही. प्रोफेसरांनी चष्मा पुसला. "दोन वर्षं! फ्राऊ डॉक्टर, यापुढे माझ्या हातात खरंच काही नाही." हा माणूस आता स्वतःची खुर्चीही मला देऊन टाकेल असं वाटलं. तेवढ्यात चादरीमागचा हीटर घर्रकन खाकरला. "डांके," प्रोफेसर म्हणाले आणि बैठक संपली.

ताई पोचल्या असतील अशा बेतानं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलिंग कार्ड घेऊन मी नागपूरला फोन लावला.

"जयभीम. किती मिळाले?"

"दोन वर्षं! ताई, हीटर खाकरला हो!"

"रोज त्याच वेळेला खाकरतो तो. एवढे दिवस शेजारी बसले मी त्याच्या."

मी हसत सुटलो आणि हसता हसता रडलोही. शेवटी म्हणालो, "ताई, तुम्ही स्वतः असता, तर तीन मिळाली असती."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. ताईंची शांतता म्हणजे नकार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"मी असते ना," त्या म्हणाल्या, "तर सहा महिन्यांवरच खाकरले असते. फार भिडस्त आहे रे मी."