पडद्यावरच्या सुरकुत्या

आईचं काचबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असं आम्ही धरून चाललो होतो. पट्टी निघाली आणि ती चिंचपोकळीच्या आमच्या खोलीवर परत आली. मी दादरहून रजा काढून तिच्यापाशी राहायला गेले. काही दिवसांनी सकाळी ती खाटेवर बसून समोर बघत म्हणाली, "दाराची चौकट कोणी वाकवल्यान गे?"

मला हसू आलं. तिला नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने तिला सरळ रेघ नागमोडी दिसत होती.

त्याच दिवशी बाबा आणि मी तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी बराच वेळ डोळ्याच्या आत पाहिलं. "आधी डोळ्यातला दाब जास्त होता, आता फारच उतरलाय. म्हणून मागच्या पडद्याला सुरकुत्या पडल्यात. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. दाब वाढला नाही तर एखादा टाका घालावा लागेल."

"तोंडावरच्यो कमी होत्यो म्हणान आता डोळ्यातपण!" आई म्हणाली. बाई हसल्या. बाबा हसले नाहीत.

न वाकणं ही आईला शिक्षाच. रविवारी बाबा स्वतःच बांगडे घेऊन आले आणि विळीवर बसले. माझगावच्या गोदीत जन्म गेला त्यांचा. घरात कधी पळीसुद्धा हलवली नव्हती. आई खुर्चीवरून सांगत होती.

"आधी कल्ले काढा. असां न्हय, आतून ओढा."

"तू डोळे मिटून बस बघू."

"मिटले तरी वासावरून कळता, पित्त फोडलात!"

बांगड्यांची आमटी कडूच झाली. आईने दोनदा घेतली.

टाका घालावा लागलाच. ती आत असताना बाबा तिचा चष्मा हातात धरून बाकावर बसले होते. मध्येच म्हणाले, "दिसेल ना गं तिला?" मी त्यांच्याजवळ सरकून बसले.

हळूहळू दाब वाढला, सुरकुत्या विरत गेल्या. चौकट सरळ झाली. बारीक अक्षरं मात्र त्या डोळ्याला अजून थोडी तिरकी दिसतात. तेवढं राहील म्हणतात.

आता संध्याकाळी बाबा तिला पेपर वाचून दाखवतात. निधनाच्या बातम्या गुपचूप गाळतात. तिला ते लगेच कळतं.

"मेलेल्यांचा आधी वाचा," ती म्हणते. "आपला कोण असात तर कळाक नको?"