दोन बाजूंचं माप

लोह्याच्या टेलरमास्तरांना मी लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीपासून ओळखत होते. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आणि दुकानाला लागूनच घर. आमच्याकडं बायका शिंप्याला तोंडानं माप सांगत नाहीत. नीट बसणारं एखादं जुनं ब्लाउज पिशवीतून काढायचं, काउंटरवर ठेवायचं आणि म्हणायचं, "असंच." मास्तर मान खाली घालून ते उलटसुलट करून बघायचे आणि विचारायचे, "जुमेरातला चालंल का, मॅडम?" जुमेरात म्हणजे गुरुवार. मी गावातल्या एका खाजगी शाळेत तिसरीला शिकवायची, म्हणून मॅडम. अठरा वर्षांत आमचं बोलणं यापुढं गेलं नव्हतं.

एकोणचाळिसाव्या वर्षी आंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी. दुखत नव्हती, म्हणून मी दोन महिने गप्प राहिले. परीक्षा होऊ देत, पोरांचे निकाल लागू देत. शेवटी आमच्या ह्यांना सांगितलं तेव्हा हे भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. हातातली शेंग तशीच धरून म्हणाले, "उद्या नांदेडला जाऊ." एवढंच. शेतात राबणारा माणूस, मुळात बोलणं कमी.

नांदेडला ऑपरेशन झालं. मग केमो, मग शेक, म्हणजे रेडिएशन. केस गेले, भुवया गेल्या, डावी बाजू सपाट झाली. केमोच्या दुसऱ्या दिवशी मला फोडणीचा वास सहन व्हायचा नाही, तर ह्यांनी अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि स्वतःसाठी आणि लेकीसाठी तिथं हे पिठलं-भाकरी करू लागले. भाकरी कधीच गोल व्हायची नाही. लेक दहा वर्षांची होती. ती झोपताना, कुणी न सांगता, माझ्या उजव्या कुशीला येऊ लागली.

बरी झाले म्हणेपर्यंत वर्ष उलटलं. शाळेनं माझ्या जागी दुसरी बाई घेतली होती. पोरांचं वर्ष वाया घालवता येत नाही, हे मलाही कळत होतं. तरी शाळेची घंटा कानावर आली की मी स्वयंपाकघरात उगाच भांडी वाजवायची. बाहेर जाणं सोडलं. गेलेच तर दोन्ही खांद्यांवरून पदर. उन्हाळ्यातसुद्धा.

अशात माहेरी, जळकोटला, भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. साखरपुड्याला मी डाव्या बाजूला रुमालांची घडी कोंबून गेले. पंगतीत वाढायला वाकले आणि ती घडी सरकत सरकत गळ्याशी आली. समोर जेवणाऱ्या बाईनं बघितलं आणि पटकन नजर ताटात घातली. ती हसली असती तरी मला इतकं लागलं नसतं. मी वरणाची बादली तिथंच ठेवून आतल्या खोलीत गेले, ती गाडीत बसेपर्यंत बाहेर आले नाही. घरी आल्यावर ह्यांना म्हणाले, "लग्नाला मी यायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी हे गाडीला किक मारून दारात उभे राहिले. "चल, मास्तरकडं जाऊ."

मी जुनं ब्लाउज काउंटरवर ठेवलं. 'असंच' म्हणता येईना. मास्तरांनी वाट बघितली. मी एवढंच म्हणाले, "एक बाजू..." आणि डाव्या खांद्यावरचा पदर ओढून घेतला. मास्तरांनी कातर खाली ठेवली आणि घराच्या दाराकडं तोंड करून हाक मारली, "अजी, जरा भायर या."

त्यांची बायको, जिला मी पुढं चाची म्हणू लागले, ओले हात पुसत आली आणि मला पडद्याआड घेऊन गेली. तिनं व्रण बघितला, हळूच बोट फिरवून विचारलं, "दुखतंय का, बेटी?" ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टर आणि नर्स सोडून तिथं कुणाचा हात लागला नव्हता. माझाही नाही. मी रडले. तिनं रडू दिलं.

मग ती स्वयंपाकघरात शिरली. मलमलीच्या तुकड्यात आधी कापूस भरून बघितला. हलका, वर वर येतोय. तांदूळ भरले, टोचतात. शेवटी तिनं चटणीसाठी ठेवलेल्या जवसाचा डबा काढला. जवस निसरडं. वाकलं की वाकतं, उभं राहिलं की खाली बसतं, आणि अंगाला गार लागतं. ती एक हात माझ्या उजव्या बाजूला लावायची, दुसऱ्या तळहातावर पिशवी तोलायची, आणि चमचा चमचा जवस कमी-जास्त करायची. मास्तरांनी ब्लाउजला आतून अस्तराचा कप्पा शिवला, बाहीजवळचा मुंढा थोडा वर घेतला.

ब्लाउज न्यायला गेले तेव्हा मी म्हणाले, "मास्तर, आता माझ्या दोन बाजूंचं माप वेगळं झालं."

ते पहिल्यांदाच मान वर करून माझ्याशी बोलले. "पयल्यापासून वेगळंच हाय, बेटी. तुमचा उजवा खांदा बोटभर खाली हाय. अठरा सालं झाली, मी तसंच कापून राहिलो. कवा बोललो का? दोन्ही बाजू सारख्या असलेली बाई मी आजवर बघितली न्हाई."

जळकोटच्या लग्नात मी पदर एकाच खांद्यावर घेतला. आईनं मला मिठी मारली, मग लांब धरून न्याहाळलं, आणि कानाशी येऊन म्हणाली, "कोणत्या बाजूचं गं ते? मी इसरलेच." मी इतकी हसले, की नवरीनं वळून बघितलं.

लग्नाहून आले आणि मास्तरांना विचारलं, मला शिकवाल का? ते म्हणाले, "शिकवत न्हाई कुणाला. बसा, बघा." मी बसले. तीन महिने नुसती काज-बटणं केली. माझा डावा हात जास्त वेळ खाली राहिला की सुजायचा, म्हणून चाचीनं मशीनजवळ उशी आणून ठेवली, तासाभरानं ती आतून ओरडायची, "हात वर!" शाळेत पोरांना मी असंच ओरडायची. पहिलं ब्लाउज मी स्वतःचं कापलं आणि दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या निघाल्या. मास्तरांनी ते उचलून बघितलं. "चांगलं हाय," म्हणाले, "दोन उजवे हात असणाऱ्या बाईला बसंल."

नांदेडला तपासणीला गेले तेव्हा तिथल्या एका सिस्टरनं माझं ब्लाउज आत-बाहेर करून बघितलं आणि पुढच्याच आठवड्यात हदगावची एक बाई माझ्याकडं पाठवली. बाई दुकानाच्या पायरीवरच थबकली. आत येईना. तिच्या अंगावर तोच दुहेरी पदर. मी काही समजावत बसले नाही. आतून माझी पिशवी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. तिनं ती दाबली, वजन बघितलं, वास घेतला. "जवस का?"

"जवसच. चटणीचं."

"आन् मी कापसाच्या गावची म्हणून कापूसच कोंबून राहिले," असं म्हणत ती आत आली.

नंतर एकीनं दुसरीला सांगितलं. मुखेडहून आल्या, उदगीरहून आल्या. एका पावसाळ्यात उदगीरच्या एका बाईचा फोन आला. घाबरलेली आणि हसूही दाबत होती. "मॅडम, माझ्याला मोड आले!" पिशवी न काढताच तिनं ब्लाउज भिजत घातलं होतं, मग दोन दिवस ढगाळ हवा. आधी चिकट झालं, मग उगवलं. मी चाचीला सांगितलं तर ती पोट धरून खाली बसली. त्या दिवसापासून आम्ही जवस भाजून भरायला लागलो, कप्प्याला बटण लावलं, आणि प्रत्येकीला दोन पिशव्या द्यायला लागलो, एक धुवायला, एक घालायला.

मास्तरांच्या डोळ्यांना आता सुईतलं नेढं दिसत नाही. त्यांनी दुकान माझ्या हाती दिलं. पाटी तीच आहे, मी बदलली नाही. ते दुपारी येतात, कापडावरून अंगठा फिरवतात आणि चूक सांगतात. ती बहुतेक वेळा खरी असते. मंगळवारी मी नांदेडला जाते. सिस्टरच्या ओळखीनं एक खोली मिळाली आहे, तिथं बायका माप द्यायला येतात.

भीती गेलेली नाही. दर सहा महिन्यांनी तपासणीची तारीख आली की चार दिवस आधीपासून माझी टीप वाकडी जाते. ह्यांना ते कळतं. हे मग शेतातलं काम लवकर आटपून दुकानात येऊन बसतात. आता तर मंगळवारी नांदेडलाही येतात. तिथं त्यांना एक कामच मिळालं आहे. बायकांबरोबर आलेले नवरे बाहेर फरशीवर अवघडून उभे असतात. मोबाइल बघतात, चपलेनं फरशी घासतात. हे त्यांना चहा देतात, सोयाबीनला भाव काय, तुमच्याकडं पाऊस किती, असं काहीबाही विचारतात.

मागच्या मंगळवारी आत मी देगलूरच्या एका बाईचं माप घेत होते. पन्नाशीची असेल. बाहेर तिचा नवरा ह्यांना म्हणत होता, "घरात हिच्याशी काय बोलावं तेच कळत न्हाई बघा."

मग ह्यांचा आवाज. "मलाबी कळलं न्हवतं. मी आपला नुसता जवळ बसत होतो."

माझ्या हातातली टेप तशीच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला हे कधी सांगितलं नव्हतं.

ती बाईही ऐकत होती. "कोण हायत हो ते?"

"आमचे हे."

"मग त्यांना म्हणावं, जरा मोठ्यानं बोला," ती पडद्याकडं बघत म्हणाली. "आमच्या ह्यांना कमी ऐकू येतंय."