धवलारणीने लावलेलं लग्न

माझं लग्न झालेलं आहे, हे मला एका गोऱ्या साहेबापुढे सिद्ध करावं लागलं तेव्हा माझा मुलगा सोळा वर्षांचा होता. त्याच्या बापाच्या घरात मी चूल फुंकत होते, सासूचं हगणंमुतणं काढत होते, ते कोण म्हणून, हे आता साहेब ठरवणार होता.

साठ सालाच्या थोडं पुढची गोष्ट. आज जिला नवी मुंबई म्हणतात तिथे तेव्हा भातशेती, मिठागरं आणि खाडी होती. आमचं गाव बोनकोड्याच्या बाजूचं. माझा सासरा मिठागरातला कामगार. मीठ पिकवायला माणसं हवीत म्हणून एका मुकादमाने त्याला बायकोसकट समुद्रापलीकडे अरबस्तानात, एडनला नेलं. एडन तेव्हा इंग्रजांचं, आणि आपला देश सुटला तरी ते त्यांच्याकडेच राहिलं. माझा नवरा तिथे जन्मला. काही वर्षांनी सगळे परत आले आणि एडन विसरले. नवरा पुढे बोटीवर लागला, तिथे त्याला कोणीतरी सांगितलं की तू इंग्रजांच्या मुलखात जन्मलास, म्हणजे तू त्यांचा माणूस. झालं. हा विलायतेला गेला आणि तिथेच राहिला. पावाच्या कारखान्यात काम करायचा. कधीमधी पत्र पाठवायचा आणि त्यात तिकडची हवा कशी आहे ते लिहायचा. मी हवेचं काय करणार?

मग एक कामाचं पत्र आलं. मुलाला पाठव. बापाच्या हक्काने त्यालाही इथलं नागरिकत्व मिळतं, पण लवकर कर, बाहेरच्यांना दरवाजे बंद होत आहेत. मुलाला जायचंच होतं. मिठागरात त्याच्या पायांना भेगा पडून त्यात मीठ भरायचं, आणि त्याच पायांनी त्याने म्हातारं व्हावं असं मलाही वाटत नव्हतं.

मुंबईला फोर्टात विलायतेच्या सरकारची कचेरी होती, तिने सांगितलं, बाप आमचा माणूस आहे, कबूल. पण आईबापाचं रीतसर लग्न झालेलं असेल तरच मुलाला हक्क. लग्नाचा दाखला आणा.

दाखला आणायचा कुठून? आम्हा आगऱ्यांत लग्न धवलारीण लावायची. ही बाई असते. मांडवात बसून ती धवले गाते, एकेक विधी त्या गाण्यावर होतो, गाणं संपलं की लग्न लागलं. भट नाही, कागद नाही. आमच्या गावची धवलारीण तर दिवसभर मशेरी लावून बसलेली असायची, तिला अंगठ्याशिवाय काही येत नव्हतं.

माझा धाकटा दीर मॅट्रिक होता आणि ठाण्याला कारकून होता. गावात पँट घालणारा तो पहिला. तेवढ्यावर तो स्वतःला साहेबाचा भाऊ समजायचा.

"वहिनी, तिथं धवलारनीचं नाव नाय काढायचं," तो म्हणाला. "लोक हसतात आपल्याला."

"कोन लोक?"

"ठान्याचे."

"ठान्याचे लोक माज्या लग्नाला नव्हते, भावजी."

त्याने पनवेलच्या एका भटजीला गाठून दाखला लिहून आणला. मी चौथी शिकलेली, मला वाचता येत होतं, पण त्याने कागद माझ्या हातात दिलाच नाही. थेट कचेरीत नेऊन ठेवला. तिथल्या दुभाष्याने आधी मला माझ्या आईबापाचं विचारलं. मी सांगितलं, बाप मी लहान असतानाच मेला. मग त्याने दाखला वाचला आणि हसला.

"बाई, यात लिहिलंय, वडिलांनी कन्यादान केलं. स्वर्गातून आले होते का?"

भटजीने आपलं नेहमीचं लिहून दिलं होतं आणि आमच्या मॅट्रिकने ते तपासलं नव्हतं. मी खरं सांगून टाकलं. साहेबाने दाखला बाजूला सारला. म्हणाला, लग्न ज्या बाईने लावलं तिची आणि हा कागद ज्याने आणला त्याची, दोघांची शपथेवर जबानी आणा. भट नव्हता, हे त्याने लिहून द्यायचं. नाहीतर प्रकरण बंद.

मी धवलारणीकडे गेले. "आय, माजं लग्न तूच लावलंस ना?"

"लावलं असंल. गावात दुसरं कोन लावतंय?"

"आठवतंय का तुला?"

"लग्नं सगली सारखीच, पोरी. नवरा भ्यालेला न् नवरी झोपेला आलेली." मग थुंकली आणि म्हणाली, "तुजा सासरा एडनवाला ना? त्यानं माजी मानाची साडी दडवली होती. मी अर्ध्यात गायचं थांबवलं. नवरा तसाच उभा. साडी आनली तवा पुढचं गायले."

एवढं तिला पुरलं आणि मलाही. दिरालाही बरोबर घेतलं, आम्ही तिघं होडीने ट्रॉम्बेला उतरलो आणि बसने कोर्टात गेलो. तिथला कारकून तिच्याकडे बघून हसला. "ही बाई पुरोहित?"

"हसतोस काय?" धवलारीण म्हणाली. "तुज्या आयशीचं लग्न कोनी लावलं ते तुला तरी ठावं हाय का? होतास का तू मांडवात?"

त्याने मान खाली घालून साडीच्या भांडणासकट सगळं लिहून घेतलं. तिने अंगठा दिला. आता दिराची सही राहिली. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"वहिनी, आपल्यात बाया लग्न लावतात हे मी सरकारी कागदावर लिहून देऊ? पोरानं इथंच काम केलं तर काय बिघडलं?"

"काय नाय बिघडत. उद्यापासून त्याच्या जागी मिठागरावर तुमी जा. पँट तेवढी घरी ठेवा."

धवलारीण मोठ्याने हसली. त्याने सही केली, निब मोडेल इतकी दाबून.

तो कागद चालला. मुलगा गेला. नवऱ्याचं पत्र आलं, पोरगा पोचला, थंडी फार आहे. मी त्याची लग्नाची बायको आहे हे साहेबाने मान्य केलं होतं, म्हणजे मलाही बोलावता आलं असतं. नवऱ्याने बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी थंडीची पत्रं वाचायला मी एवढ्या लांब गेले नसते.

दीर गावभर सांगत फिरला, "पोराचं काम मी केलं." पुढे त्याने आपल्या मुलीच्या लग्नाला ठाण्याहून भट आणला आणि धवलारणीला जेवायच्या पंगतीत बसवलं. त्याच्यामागून सगळ्या गावाने तेच केलं. विलायतेच्या साहेबाने धवलारणीचं लग्न खरं धरलं होतं आणि भटाचं खोटं, हे मी दिराला त्याच्या मुलीच्या लग्नातच, भर मांडवात ऐकवलं होतं. तो म्हणाला, "वहिनी, हळू बोला, भटजी ऐकतायत."

मी पुन्हा एकदा सांगितलं, भटजींना नीट ऐकू जाईल असं.