उस्तादांचा पातळ पत्रा

उस्तादांना सगळे उस्ताद म्हणत आणि उस्तादांना ते मनापासून पटलेलं होतं. खोट काढायचीच झाली तर एवढीच. जुन्या बोटी, बॉयलर, टाक्या गॅसच्या ज्योतीनं कापण्यात त्यांचा जन्म गेला होता. बोटभर जाडीचं लोखंड ते कापायला लागले, की बघणाराही श्वास रोखून धरी. घाई नाही, गडबड नाही. "लोखंडाला वेळ द्यावा लागतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. घरात नळ गळत असला तरी ते हेच म्हणत आणि बायको बिचारी प्लंबर शोधायला जाई.

बायको शिवणकाम करणारी. उभी हयात दुसऱ्याच्या दुकानात काढल्यावर आता घराच्या पुढच्या खोलीत तिचं स्वतःचं दुकान निघणार होतं. भिंतीला रंग लागला, मशीनला तेल घातलं, आणि एके दिवशी जेवताना उस्ताद बोलून गेले, "पाटी मी करणार. पत्र्यात फ्रॉकचा आकार कापतो, मागे दिवा लावू. रस्त्यावरून दिसेल."

बायकोनं हातातला घास तसाच ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. नवरा आपल्यासाठी हातानं काही बनवतोय, हे तिला नवीनच होतं. आजवर त्यांनी केलं होतं ते सगळं तोडायचंच काम. तिचं ते पाहणं उस्तादांना सुखावून गेलं. अडचण एवढीच, की पाटीला लागणारा पत्रा वहीच्या पुठ्ठ्याइतका पातळ होता. असला पत्रा त्यांनी कधी हातात धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये त्यांनी बायकोनं बेतून दिलेला कागदी फ्रॉक पत्र्यावर ठेवला, खडूनं रेघ मारली, काळा चष्मा चढवला आणि आपल्या शाही चालीनं ज्योत पुढे नेली. सबंध आकार पुरा करून त्यांनी टिचकी मारली. फ्रॉक पडेना. हातोडी मारली, तरी पडेना. त्यांच्या संथपणानं पत्रा इतका वितळला होता, की ज्योत पुढे सरकली की मागची फट पुन्हा मिटत होती. शिवाय पत्रा वाकून बशीसारखा झाला होता आणि खालून वितळलेल्या लोखंडाचं कीट लोंबत होतं.

शेजारी काम करणारा वेल्डर हे बघतच होता. "उस्ताद, कापताय की सांधताय? गरिबाच्या पोटावर का पाय देता?"

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी बारीक नोझल लावलं, ऑक्सिजनचा जोर कमी केला, कापायची टॉर्च कलती धरली, हात चपळ केला. सरळ रेघेत जमलं. पण गळ्याचं वळण आलं, की हात सवयीनं रेंगाळायचा आणि कड उंदरानं कुरतडल्यासारखी व्हायची. तिसरा पत्राही भंगारात गेला. नाचता येईना अंगण वाकडं, तसे ते गॅसला, वाऱ्याला, पत्रेवाल्याला शिव्या घालत घरी आले. उद्या दुकान उघडायचं होतं.

बायको टेबलावर झिरझिरीत कापड पसरून बसली होती. "झाली पाटी?"

"होतेय. पत्रा खराब निघाला."

"तिन्ही?"

वेल्डरची बायको हिच्याकडूनच ब्लाउज शिवून घेते, हे उस्ताद विसरले होते.

"अहो, हे कापड बघा," ती कात्री न थांबवता म्हणाली. "एकेरी कापायला गेलं की हातातून निसटतं. मी आपली खाली-वर कागद लावते, टाचण्या मारून घट्ट करते आणि तिन्ही मिळून कापते."

उस्तादांनी कड पाहिली. सुतासारखी सरळ होती. "कापड वेगळं, लोखंड वेगळं. मला नको शिकवू."

"मी कुठे शिकवतेय? मी माझ्याशीच बोलतेय."

सकाळी कुणी यायच्या आत उस्ताद वर्कशॉपमध्ये हजर. चांगला पत्रा मध्ये, खाली-वर भंगारातले सपाट पत्रे, आणि चारी बाजूंनी क्लॅम्प असे आवळले, की मध्ये वारासुद्धा शिरू नये. आता हाताखाली जाडी आली आणि उस्तादांच्या जिवात जीव आला. गळ्याचं वळणही हात न अडखळता पार पडलं. क्लॅम्प सोडले, तसा मधल्या पत्र्यातून फ्रॉक अलगद निसटून त्यांच्या बुटापाशी पडला. उस्ताद एकटेच मोठ्यानं हसले आणि मग कुणी ऐकलं नाही ना, म्हणून दारापर्यंत जाऊन बघून आले.

घरी बायकोनं पाटीच्या कडेवरून बोट फिरवलं. "खाली-वर काही लावलं होतं वाटतं?"

"माझी एक जुनी युक्ती आहे."

"हो का? छान आहे हो युक्ती."

संध्याकाळी मागचा दिवा लागला. पहिलं गिऱ्हाईक म्हणून आली ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स. मापाचं बोलायच्या आधीच तिनं विचारलं, "पाटी किती सुरेख! कुणी केली?"

कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेल्या उस्तादांनी कॉलर नीट केली.

"आमच्याकडे एक नवीन माणूस लागलाय," बायको म्हणाली. "अजून शिकतोय. पण हात फार चांगला आहे त्याचा."

उस्तादांना शिकाऊ म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. पण आपला हात चांगला आहे, हे बायकोच्या तोंडून त्यांनी आज पहिल्यांदाच ऐकलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते उठले, एकुलती एक खुर्ची पुसली आणि नर्सपुढे सरकवली.

"बसा, बाई," ते म्हणाले. "आमच्या मालकीणबाई माप घेतील तुमचं."