मीना बाजारात शिवलेली लोकरी पँट

माझ्या एक क्लायंट मॅडम आहेत, इमिराती, पन्नाशीच्या. त्यांच्या व्हिलाचं इंटिरियर मी केलं होतं. गेल्या वर्षी त्यांनी किर्गिझस्तानच्या डोंगरात एक जुनं घर लांब मुदतीच्या भाड्याने घेतलं. हिवाळ्यात परमिट काढून रानबकऱ्यांच्या शिकारीला जायचा त्यांचा शौक आहे. त्या घराचं कामही त्यांनी मलाच दिलं, पण एका अटीवर. आधी एकदा त्यांच्याबरोबर शिकारीला यायचं. भिजून, गारठून आलेल्या माणसाला घरात काय लागतं ते दुबईच्या अल बर्शा भागात बसून कळणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

कपड्यांबद्दल त्यांनी हिंदीत बजावलं, "ओन्ली वूल. कॉटन बिल्कुल नहीं. और आवाज़ नहीं." सुती कपडा घामाने भिजला की भिजलेलाच राहतो आणि अंगातली ऊब ओढून घेतो. लोकर दमट झाली तरी गरम राहते. नायलॉन सळसळतं, आणि रानबकऱ्याला पळायला तेवढं पुरतं. मला वाटलं, साधं आहे. दुबईत काय मिळत नाही?

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "अगं, मनालीला नेलेली थर्मल्स आहेत ना माळ्यावर?"

"ती सुती आहेत."

"थंडी ती थंडीच."

लेकीने मोबाइलमधून मानही वर केली नाही. "आई, यू कान्ट ईव्हन किल अ कॉकरोच."

बाहेर उन्हात चार पावलं चालवत नव्हतं, अशा दिवसांत मी लोकर शोधायला निघाले. पहिल्या मॉलमध्ये बर्फावरच्या खेळांच्या कपड्यांचं मोठं दुकान होतं. बायकांच्या बाजूला सगळं गुलाबी, जांभळं आणि चकचकीत. एक जॅकेट हातात घेतलं तर चिप्सचं पाकीट फोडल्यासारखा आवाज झाला. लोकरी काही आहे का विचारल्यावर सेल्समनने एक स्वेटर आणला. आतलं लेबल वाचलं. नावापुरती लोकर, बाकी ॲक्रिलिक. "मॅडम, दिस इज वूल टाइप," तो म्हणाला. वूल टाइप म्हणजे काय, हे विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं.

पुरुषांच्या बाजूला मात्र हवं तसंच होतं, मातकट हिरवा, जाड, अस्सल लोकरीचा स्वेटर. मी घालून पाहिला. खांदे कोपराच्या दिशेने निघालेले, बाह्या बोटांच्या पुढे. "मॅडम, दॅट इज जेंट्स," सेल्समन म्हणाला. मला दिसत होतं की ते. बायका थंडीत फक्त घसरगुंडी खेळायला जातात, असं या दुकानांना कोणी सांगितलं कोण जाणे. तरीही तोच घेतला.

अंगालगतचे पातळ लोकरी कपडे ऑनलाइन मागवले. राहिली पँट. बायकांच्या मापाची जाड लोकरी पँट कुठेच मिळेना. शेवटी बर दुबईला गेले, मीना बाजारात सूटिंगचं जाड लोकरी कापड निवडलं आणि शेजारच्या टेलरला माप दिलं. त्याला सगळं समजावलं. डोंगर चढायचाय, बसायचंय, गुडघ्यात ढिली हवी. तो प्रत्येक वाक्याला "हो जाएगा" म्हणत होता.

निघायच्या आदल्या दिवशी पँट घ्यायला गेले, तर आत गुळगुळीत, नायलॉनसारखं अस्तर.

"हे कशाला लावलंत?" मी विचारलं.

"मॅडम, वूल चुभता है. इसलिए लगाया. इसका पैसा नहीं लिया." तो खूश होता. मी आरशासमोर दोन पावलं चालून पाहिलं. बाहेर हॉर्न वाजत होते, वर एसी घरघरत होता. काहीच ऐकू आलं नाही. म्हटलं, जाऊ दे.

पहिल्या सकाळी आम्ही तिघं चढायला लागलो. पुढे एक स्थानिक वाटाड्या, मध्ये मॅडम, मागे मी. बर्फ भुसभुशीत होतं आणि वारा पडलेला. अशी शांतता मी दुबईत कधी ऐकलेली नव्हती. आणि त्या शांततेत माझ्या मांड्यांमधून आवाज येत होता, स्विश, स्विश. मॅडम एकदा मागे वळल्या. मी पाय फाकून चालायला लागले. आवाज थोडा कमी झाला, पण दम दुप्पट लागला. सगळे कपडे घरातूनच चढवून निघाले होते, त्यामुळे वर पोहोचेपर्यंत आतून घामाने चिंब झाले होते.

कड्याआड बसलो तेव्हा समोरच्या उतारावर कळप होता. मॅडम दुर्बिणीतून पाहत होत्या. माझ्या पायाला पेटका आला, म्हणून मी फक्त गुडघा हलवला. कळपातल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. पुढच्याच क्षणी उतारावर दगड घरंगळत होते आणि बकरे दिसेनासे झाले होते.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी आल्यावर शांतपणे म्हणाल्या, "कल तुम रेस्ट करो."

दुसऱ्या दिवशी त्या वाटाड्याबरोबर गेल्या आणि मी चुलीपाशी कात्री घेऊन बसले. त्या टेलरने अस्तर असं पक्कं शिवलं होतं की उसवता उसवता बोटं दुखून आली. प्रत्येक टाक्याला मी त्याला मनातल्या मनात बोलत होते, मग त्या दुकानांना, मग स्वतःला. महिनाभर लोकर, लोकर करत फिरले, आणि घरात ती पँट घालून खोलीभर चालून पाहायचं सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. या वेळी स्वेटर पाठीवर बांधला आणि वर बसल्यावर घातला. पँट मुकी झाली होती. पण अस्तर गेल्यावर लोकर अशी टोचत होती की तासन्‌तास हलायचं नाही म्हणजे शिक्षाच. टेलरचं तेवढं खरं होतं.

आम्ही दुपार टळेपर्यंत बसलो. एकही बकरा आला नाही. मॅडमनी थर्मासमधला चहा मला दिला आणि विचारलं, "ठंड?"

"नहीं," मी म्हणाले. खरंच थंडी वाजत नव्हती.

"खलास, चलो," म्हणत त्या उठल्या. उतरताना या वेळी त्यांनी मला सगळ्यांत पुढे चालायला सांगितलं. घर दिसेपर्यंत मी दोन्ही हातांनी मांड्या खाजवत होते.