आईची मुकी माळ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही – आणि न सांगणं हा काही माझा स्वभाव नाही. भेडाघाटला मगरीची शेपटी धरून तिला गरगर फिरवलं, हे अर्ध्या जबलपूरला मीच ऐकवलंय. ते खोटं आहे हे उरलेल्या अर्ध्याला बायकोनं. पण हे? हे तिलाही माहीत नाही.

ऑक्टोबरात आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या वस्तीत, मरियामातेची मूर्ती घरोघर फिरते. संध्याकाळी शेजारपाजार जमतो, रोझरी, म्हणजे माळेचे मणी ओढत म्हणायची प्रार्थना, होते – हिंदीत. म्होरक्या मीच. आवाज असा, की इथल्या गोरखपूर मोहल्ल्यात 'आमेन' म्हटलं तर पार तिकडच्या चेरीताल मोहल्ल्यातली कबुतरं उडावीत. त्या साली आई अमरावतीहून कायमची आमच्याकडे राहायला आली होती. मूर्ती आमच्या घरी आली, आणि सगळ्यांच्या 'प्रणाम मरिया'वर आईचं मराठीतलं 'नमो मरिये' चढलं – माझा आवाज कुणाकडून आला ते सगळ्यांना कळलं. मागून कोणीतरी हसलं. "भैया, अम्मा कौन-सा मंतर पढ़ रही हैं?"

काय बिघडलं होतं एवढं? मीही हसायचं, मगरीची गोष्ट काढायची. पण मला लाज वाटली – आईची. सगळे गेल्यावर तिला म्हणालो, "आई, इथं मराठीतली माळ चालत नाही. फादरच म्हणाले."

फादर काहीच म्हणाले नव्हते.

माझ्या एकाही थापेवर कधी कोणी विश्वास ठेवला नाही. हिच्यावर ठेवला – आईनं. त्यानंतर रोझरीत ती नुसते मणी ओढायची, ओठ मिटून. गप्प का, असं मी कधी विचारलं नाही. काय विचारणार?

मग तिनं अंथरूण धरलं. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला फादर घरी आले – केरळचे, हिंदीच कशीबशी शिकलेले, मराठीचं नाव नाही. तिच्या कपाळाला तेल लावून म्हणाले, "माताजी, अपनी मराठी में बोलिए. प्रभु सब समझते हैं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. अगदी हळू म्हणाली, "मंग तेव्हा काहून नव्हतं चालत, बाबू?"

"क्या कह रही हैं?" फादरनी मला विचारलं.

आणि मी – क्षणभरही न अडखळता – "कह रही हैं, फादर, हिंदी ही ठीक है."

ऐकून मीच हबकलो. हे माझंच तोंड?

फादर खूश झाले. त्यांनी 'प्रणाम मरिया' सुरू केलं, मी माझ्या त्याच आवाजात साथ दिली. आई माझ्याकडे बघत राहिली, ओठ मिटून.

एवढी हिंदी तिला कळत होती.